कुलपाची सक्ती आणि मुक्त सॉफ्टवेअर

अमेरिकी सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांच्या 2002 च्या विधेयकाला डिजिटल उपकरणांत नक्कलविरोधी यंत्रणा सक्तीची करायची होती. ते बारगळले, हे बरेच झाले. लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअर प्रणालीचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा, हाच त्याचा पाया. त्यात कोणालाही काढता न येणारे कुलूप बसवायचे, तर हा बदलण्याचा हक्कच गुन्हा ठरतो. ही भीती काल्पनिक नाही. अशी डिजिटल कुलपे तोडण्यास बंदी घालणाऱ्या 1998 च्या अमेरिकी कायद्याच्या आधारे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2000 मध्ये डीव्हीडीचे कुलूप उघडणारा ‘डीसीएसएस’ प्रोग्राम प्रसिद्ध करण्यास मनाई केली. लिनक्सवर डीव्हीडी पाहण्यासाठी तो हवा, हा बचाव टिकला नाही.

चित्रपट चोरीला जातात, निर्माते बुडतात, हे खरेच. पण शिक्षा चोराला व्हावी, अवजाराला नव्हे. भारताच्या कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असणे आवश्यक मानले. तोच मार्ग न्याय्य आहे.