सोन्याचा चेंडू आणि भाकितांचा बाजार

युरोपातील फुटबॉलचा हंगाम सरला की वृत्तपत्रांतून एका प्रश्नाची साथ येते: ‘बॅलन डी’ऑर’ हा सोन्याचा चेंडू या वेळी कोणाच्या हाती पडणार? सट्टेवाले भाव काढतात, निवृत्त खेळाडू मते देतात, आणि कोल्हापूरच्या पेठांतून व गोव्याच्या मैदानांवरही वाद रंगतात. समाजवादी साप्ताहिकाने यासाठी जागा का खर्चावी, असे काही साथी विचारतील. ज्या गोष्टीवर आपल्या तरुणांचे मन जडले आहे ती विश्लेषणाबाहेर ठेवणे हे निव्वळ सोवळेपण होईल. शिवाय हे भाकीत पुष्कळदा खरे ठरते. आणि ते का खरे ठरते याचा शोध घेऊ लागलो की आपण खेळाकडून अर्थकारणाकडे येतो.

केन्सने 1936 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जनरल थिअरी’त शेअरबाजाराचे स्वरूप सांगताना एका वृत्तपत्रीय स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडायचे. बक्षीस त्याला, ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल. अशा स्पर्धेत शहाणा मनुष्य स्वतःला आवडलेला चेहरा निवडीत नाही, इतरांची पसंती काय असेल याचा अदमास घेतो. आणि इतरही तेच करीत असतात. सोन्याच्या चेंडूचे मतदार पत्रकार असतात, भाकिते वर्तविणारेही बव्हंशी पत्रकारच. महिनोन् महिने एकच नाव छापून आले की ते मतदाराच्या डोळ्यांपुढे राहते, आणि निकाल लागल्यावर भाकीत अचूक ठरल्याची वाहवा होते.

या चक्राला एक ठोस आधारही आहे. युरोपातील चॅम्पियन्स लीग किंवा विश्वचषक ज्याने जिंकला, त्या संघातील सर्वांत ठळक नाव शोधावे. निम्मे काम तेथेच होते. 2022 मध्ये बेंझेमा, 2023 मध्ये मेस्सी, 2025 मध्ये डेम्बेले हे याच वाटेने आले. 2024 मध्ये मात्र हिशेब चुकला. चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या रिआल माद्रिदचा व्हिनिसियस सर्वांच्या तोंडी होता. चेंडू मिळाला मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला, आणि माद्रिदच्या मंडळींनी समारंभावरच बहिष्कार घातला. त्या रुसव्यात निकालातील खरी गंमत कोणाच्या ध्यानात राहिली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर एकाच माद्रिदचे तीन खेळाडू होते. संघात गुणवान माणसे अधिक असली की मते विभागली जाण्याची शक्यता वाढते; म्हणजे सामूहिक उत्कृष्टता वैयक्तिक पारितोषिकाच्या आड येते!

पण खरा प्रश्न क्लबांचा आहे. 1956 साली एका फ्रेंच नियतकालिकाने हा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान इंग्लंडच्या ब्लॅकपूलकडून खेळणाऱ्या एक्केचाळीस वर्षांच्या स्टॅनली मॅथ्यूजला मिळाला. 1962 ते 1986 या काळात प्राग, मॉस्को, बुडापेस्ट आणि कीव्ह येथील क्लबांचे खेळाडू मिळून पाच वेळा मानकरी ठरले. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांतले बहुतेक तेथे राहिले, कारण बाहेर जाण्याची मुभा त्यांना नव्हती. तथापि 1986 नंतर पूर्व युरोपातील क्लबचा एकही खेळाडू मानकरी झालेला नाही. त्या भूमीतले शेवचेंको, नेदवेद, मॉड्रिच जिंकले, पण मिलान, युव्हेंटस आणि माद्रिदचा गणवेश घालून.

1995 हे वर्ष येथे निर्णायक आहे. तोवर युरोपीय नागरिकांपुरता असलेला पुरस्कार त्या वर्षी युरोपात खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूस खुला झाला आणि लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमान खटल्याचा निकाल दिला. बेल्जियमच्या या साध्या खेळाडूचा करार संपला होता, तरी जुना क्लब मोबदल्याखेरीज त्याला सोडेना. न्यायालयाने ही वेठ मोडली. श्रमिकाला आपले श्रम हवे तेथे नेण्याचा हक्क मिळाला, याचे स्वागत आपण केलेच पाहिजे. परंतु श्रम मोकळे झाले आणि भांडवलावर अंकुश राहिला नाही, तेव्हा खेळाडू मूठभर धनाढ्य क्लबांकडे वाहत गेले. दार रुंद झाले आणि वर्तुळ आवळले! 2024 व 2025 चे मानकरी ज्या क्लबांत खेळतात, त्यांपैकी एक अबू धाबीच्या राजघराण्याच्या पैशावर उभा आहे, दुसरा कतार सरकारच्या. सार्वजनिक क्षेत्राचे हे रूप आपल्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. महिलांचा पुरस्कार तर 2021 ते 2025 अशी सलग पाच वर्षे बार्सिलोनाच्याच खेळाडूंकडे गेला. भाकीत करू इच्छिणाऱ्याने पायांकडे पाहण्यापूर्वी ताळेबंद पाहावा.

मताधिकाराची गोष्टही बोलकी आहे. 2022 पासून पुरुषांच्या पुरस्कारासाठी जागतिक क्रमवारीतील पहिल्या शंभर देशांतील एकेका पत्रकारालाच मत आहे. महिलांच्या बाबतीत पन्नास. मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटीवर मत देणारा 1935 चा कायदा ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल: ज्यांना कळते त्यांनीच ठरवावे. तेव्हापासून भारत बहुतेक काळ शंभराच्या बाहेरच राहिला आहे.

आणि ज्यांची नावे भाकितांत येतच नाहीत, त्यांचे काय? आजवर फक्त एक गोलरक्षक जिंकला, 1963 साली मॉस्कोचा लेव याशिन. बचावपटू शेवटचा जिंकला तो 2006 मध्ये, इटलीचा कॅनाव्हारो. गोल होऊ न देणे हे काम दिसत नाही. सभेत सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

2022 पासून याच समारंभात सामाजिक कार्याबद्दल ‘सॉक्रेटिस पुरस्कार’ही देतात. ब्राझीलचा हा कर्णधार पदवीधर डॉक्टर होता. लष्करी राजवटीत, 1980 च्या दशकाच्या आरंभी, त्याच्या कोरिंथियन्स क्लबात सरावापासून प्रवासापर्यंतचे निर्णय मतदानाने होत, आणि त्यात कर्णधाराचे मत आणि गणवेश सांभाळणाऱ्याचे मत सारखेच मोजले जाई. 1984 साली राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी लक्षावधी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्याने जाहीर सभेत सांगितले की घटनादुरुस्ती संमत झाली तर आपण देश सोडून जाणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली आणि तो इटलीत फिओरेन्टिनाकडे गेला. युरोपीय नागरिक नसल्यामुळे तेथे खेळत असतानाही त्या सोन्याच्या चेंडूसाठी त्याचे नाव विचारात घेण्याचा प्रश्नच नव्हता.