वजनकाट्याची साक्ष

अर्भकाच्या वाढीचा तक्ता म्हणजे दवाखान्यातील एक कागद, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. वस्तुतः ज्या समाजात ते मूल जन्मले, त्या समाजाचा तो ताळेबंद असतो.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे साधे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अर्भकाचे वजन शेकडा सात ते दहापर्यंत घटते. त्यात भिण्यासारखे काही नाही. दोन आठवड्यांत ती घट भरून निघावी, पुढील तीन महिने दररोज सुमारे २५ ते ३० ग्रॅमची भर पडावी आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात जन्मवजन दुप्पट व्हावे. एकदाच तोलून फारसे कळत नाही. रेघ चढते आहे की आडवी पडली आहे, हे वारंवार तोलल्यानेच उमगते. आणि आडवी रेघ पुष्कळदा आजार दिसण्याआधीच इशारा देते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजातांची ही राखण गावातील स्त्रियांवर सोपवली. ३९ गावांत नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी उतरल्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून 'आशां'च्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

तथापि, रेघ आडवी पडली की दोष आईच्या अडाणीपणावर ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजावे, हे ऊसतोडणी करणारीलाही ठाऊक असते. पण उचल घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापले जाणार. फडात कोयता चालवणारी बाई कोपीत ठेवलेल्या तान्ह्याला कितीदा पाजणार? २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ती नियमित आस्थापनांतील स्त्रियांसाठी. फडातल्या बाईच्या वाट्याला आले पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. सहा महिन्यांच्या मजुरीची ती भरपाई कशी म्हणावी?

नुसत्या तोलण्याने बाळ वाढत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या एकत्र लावून धरल्या पाहिजेत: असंघटित स्त्रीस सहा महिन्यांचे मजुरीइतके प्रसूतिवेतन, मूल ज्या गावी जाईल तेथे त्याचा तक्ता व वजनकाटा पोचवणारी अंगणवाडी, आणि काटा धरणाऱ्या 'आशा'ला व सेविकेला मानधनाऐवजी वेतन. दर महिन्याच्या वजनाच्या दिवशी आपल्या वस्तीतील किती रेघा आडव्या आहेत, हे विचारण्यापासून आरंभ करता येईल. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र शासनाकडून वसूल करावे लागेल.