रुंद पट्टा आणि अरुंद मने

बिनतारी लहरींना सीमा नसते, असे वाक्य समारंभांतून वरचेवर ऐकू येते. वाक्य गोड आहे, पण अर्धेच खरे आहे. लहर सीमा जाणत नाही हे खरे. परंतु ती ज्या मनोऱ्यावरून निघते तो मनोरा कोणत्या ना कोणत्या सरकारच्या हद्दीत उभा असतो, आणि त्या मनोऱ्याने कोणत्या भाषेत बोलावे हे ते सरकार ठरवीत असते. सीमाभागातील मराठी माणसाला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. अतिउच्च कंपनसंख्येच्या आणि रुंद पट्ट्याच्या बिनतारी दळणवळणात जे संशोधन गेल्या काही दशकांत झाले, त्याचा आमच्या प्रश्नाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे आणि तो आज नीट समजून घेतला नाही तर उद्या पश्चात्तापाची पाळी येईल, असे आम्हांस वाटते.

प्रथम मागे वळून पाहू. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 साली आणि सांगली केंद्र 1963 साली सुरू झाले. ही केंद्रे मध्यम लहरींवर बोलत. मध्यम लहर जमिनीला धरून दूरवर जाते आणि रात्री तर वातावरणाच्या उंच विद्युद्भारित थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरते. म्हणून 1956 साली राज्यपुनर्रचनेने आमच्या छातीवरून रेघ ओढली, तरी रेघेपलीकडची मराठी रात्रीच्या वेळी बेळगाव, निपाणी, खानापुरातील माजघरात येऊन बसत असे. त्या आवाजाला कोणत्याही नाक्यावर अडवता येत नव्हते. सरहद्दीच्या खांबांनी जे तोडले ते लहरींनी काही अंशी जोडून ठेवले होते.

परंतु मध्यम लहरींचा सारा पट्टा मुळात सोळाशे किलोहर्ट्झच्या आसपास संपतो. त्यात जागा थोडी आणि गोंगाट फार. विजेचा लोळ कडाडला की गाणे बुडाले, शेजारच्या गिरणीची मोटर फिरू लागली की बातम्या बुडाल्या! या गोंगाटावर तोड काय? त्या काळच्या तज्ज्ञांचे उत्तर ठरलेले होते: वाट अरुंद करा, म्हणजे गोंगाट कमी शिरेल. ऐकायला हे उत्तर शहाणपणाचे वाटते. अमेरिकेतील एडविन आर्मस्ट्राँग या संशोधकाने ते खोटे ठरविले. लहरीची उंची कमीअधिक करण्याऐवजी तिची कंपनसंख्या कमीअधिक करावी आणि त्यासाठी वाट अरुंद न करता चांगली रुंद करावी, असा उलटा विचार त्याने मांडला. 1933 साली त्याला त्याची पेटंटे मिळाली आणि 1935 साली न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्याने प्रयोग करून दाखविला. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाजसुद्धा ग्राहकयंत्रातून स्वच्छ ऐकू आला. ज्याला आज आपण एफएम म्हणतो ते हेच. रुंदी वाढविली आणि गोंगाट घटला!

ज्यांच्या हाती त्या वेळी नभोवाणीचा व्यापार होता त्यांना हे सोसले नाही. आर्मस्ट्राँगच्या केंद्रांना 42 ते 50 मेगाहर्ट्झ असा पट्टा दिलेला होता. 1945 साली सरकारी आयोगाने एका आदेशाने एफएमला तेथून उचलून 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये नेऊन टाकले आणि लोकांच्या घरातील लाखो ग्राहकयंत्रे एका कागदाने निरुपयोगी झाली. कागदावर ओढलेल्या एका रेघेने माणसांचे काय होते, हे आमच्या वाचकांस आम्ही निराळे सांगावयास नको. पेटंटांच्या दाव्यांत आर्मस्ट्राँग थकला, कफल्लक होत आला आणि जानेवारी 1954 मध्ये त्याने उंच इमारतीवरून उडी घेऊन आपले जीवन संपविले. त्याची पत्नी मॅरियन मात्र थकली नाही. तिने एकेक दावा चालवीत नेला आणि 1967 साली शेवटचा दावाही जिंकला. ज्याचे तत्त्व खरे होते तो विजय पाहावयास उरला नाही. पण तत्त्व जिंकले. सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल झालेल्या आमच्या दाव्याला दोन दशके उलटली, म्हणून जे हातपाय गाळतात त्यांनी या विधवेची चिकाटी ध्यानात ठेवावी.

आर्मस्ट्राँगने प्रयोगाने जे दाखविले, त्याच्या मागचे व्यापक गणित क्लॉड शॅनन याने 1948 साली मांडले. एखाद्या मार्गावरून किती संदेश वाहून नेता येईल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: मार्गाची रुंदी, आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची शक्ती. ते प्रमाण कायम राखून रुंदी दुप्पट केली तर क्षमता दुप्पट होते. उलट रुंदी तीच ठेवून नुसती शक्ती दुप्पट केली, तर दर सेकंदास एका हर्ट्झमागे पुरती एका बिटाचीही भर पडत नाही. केवळ जोर वाढवून पदरात पडते ते फार थोडे. वाट रुंद केली तर पुष्कळ. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचा दुरूनच नमस्कार. पण हे सूत्र विधानसौधातील आणि मंत्रालयातील प्रत्येक दालनात टांगून ठेवावे असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

कारण सीमाभागात गेली सहा-सात दशके नेमके याच्या उलट चालले आहे. एका फलकावर दोन भाषा आल्या की गोंधळ होतो, एका कचेरीत दोन भाषांत कागद निघाले की कारभार बिघडतो, सबब वाट अरुंद करा आणि एकाच भाषेचा जोर वाढवा, हीच ती आर्मस्ट्राँगपूर्वीची समजूत. फलक काढले, कागदपत्रे बदलली, आदेशांवर आदेश निघाले. जोर वाढविला, परंतु त्याने गोंगाटच वाढला, संदेश काही पोहोचला नाही. ज्या म्हातारीला नोटीस वाचता येत नाही तिच्या लेखी ती नोटीस, कितीही ठळक टाइपात छापली तरी, निव्वळ गोंगाट आहे. येथे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. ती शेजारीण आहे, थोर परंपरेची आहे, आणि आमच्यापैकी कित्येकांच्या घरात ती सुनेच्या वा सासूच्या मुखाने नांदते आहे. आमचे भांडण अरुंदपणाशी आहे.

आता आजच्या काळाकडे वळू. कंपनसंख्या जसजशी वाढते तसतशी दोन गोष्टी घडतात. पहिली, जागा वाढते. मध्यम लहरींचा सारा पट्टा मिळून जेमतेम एक मेगाहर्ट्झ. एफएमचा पट्टा 20 मेगाहर्ट्झ. आणि 2022 साली आपल्या देशात जो 26 गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात आला तो तब्बल 3250 मेगाहर्ट्झ रुंद. मध्यम लहरींच्या सुमारे तीन हजार पट! दुसरी, पोच घटते. एफएमची लहर बहुतांशी दृष्टीच्या रेषेत चालते. 100 मीटर उंच मनोऱ्यावरून सपाट मुलखात ती 40 किलोमीटरांच्या आसपास पोहोचते. कोल्हापूर-बेळगाव अंतरच शंभर किलोमीटरांच्या घरात आहे. मिलिमीटर लहरींची गोष्ट तर आणखी निराळी. काही शे मीटर गेली की ती क्षीण होते. भिंत आडवी आली की थबकते, पाऊस पडू लागला की दुबळी होते. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास कलकत्त्यात अशाच मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांचा व्यावहारिक उपयोग कोणाच्या ध्यानी आला नव्हता; शंभराहून अधिक वर्षांनी जग त्याच लहरींकडे वळले आहे.

या दोन्ही गोष्टींतून आमच्यासाठी दोन निष्कर्ष निघतात. जागा वाढली, तेव्हा ‘तुमच्या भाषेला जागा नाही’ ही सबब कायमची संपली. रुंदीची तर आता अशी तऱ्हा आहे की संदेश कित्येक गिगाहर्ट्झवर विरळ पसरून, इतरांच्या कानाला कळणारही नाही इतक्या हळू आवाजात, त्याच पट्ट्यातून सोडता येतो. अमेरिकेने 2002 साली 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झमध्ये या पद्धतीस परवानगी दिली. एकाच जागेत अनेकांनी एकमेकांस धक्का न लावता नांदावे, हे यंत्रांना साधले. ते माणसांना साधू नये काय?

दुसरा निष्कर्ष अधिक कठोर आहे. पोच घटली, म्हणून मनोरा आता आपल्या गल्लीत येऊन उभा राहिला आहे. दूरच्या सांगली-पुण्याच्या मनोऱ्याने आपली मराठी आपल्या घरात आणून द्यावी, हे दिवस सरत चालले. मोबाइलच्या जाळ्यावरून मुंबईचे गाणे आजही ऐकता येते, नाही असे नाही. पण सरकार जे सार्वजनिकपणे सांगू इच्छिते, ते आता आपल्या गल्लीतल्या मनोऱ्यावरून सांगितले जाणार आणि त्याची भाषा येथेच ठरणार. बिनतारी परवान्यांच्या नकाशात गोवा महाराष्ट्राच्या विभागात आहे, बेळगाव मात्र कर्नाटकाच्या. चंदगडकडे जाताना सीमा ओलांडली की खिशातील यंत्रसुद्धा मुकाट्याने मनोरा बदलते.

हा वाद केवळ मानापमानाचा नाही, प्राणांचा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांनी काय हाहाकार उडविला तो कोल्हापूर-सांगलीने पाहिला, तसाच निपाणी-चिक्कोडीनेही पाहिला. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पाण्याने कोणाचीही भाषा विचारली नाही. 2023 पासून देशात अशी व्यवस्था आजमावली जात आहे की संकटसमयी एका मनोऱ्याखालील सर्व मोबाइलांवर एकदम इशारा वाजावा. त्यासाठी कोणाचा क्रमांकही ठाऊक असावा लागत नाही. एकाच मनोऱ्यावरून हा इशारा एकाहून अधिक भाषांत देता येतो. मग वेदगंगेच्या काठावर मध्यरात्री जो इशारा वाजेल, तो तेथल्या मराठी शेतकऱ्यास कळेल अशा भाषेतही असावा, ही मागणी कोणत्या अर्थाने फुटीर ठरते? न कळणारा इशारा हा इशाराच नव्हे.

कायदा आमच्या बाजूस आहे. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. या मालमत्तेत सीमाभागातील मराठी माणूसही भागीदार आहे. जेथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण 15 ते 20 टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे 1961 सालीच मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झाले आहे. आणि घटनेचे 350 वे कलम प्रत्येक नागरिकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. म्हणून आमची सूचना अशी: नदीकाठच्या प्रत्येक मराठी गावाने येत्या पावसाळ्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि केंद्रीय दूरसंचार विभागाकडे मराठीतून अर्ज करावा, पूर, वीज आणि रोगराई यांचे इशारे मराठीतही द्यावेत, एवढीच मागणी त्यात असावी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नये.

मात्र दोष सारा पलीकडे आहे असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. आमचीच मुले यंत्र हाती घेताच त्याची भाषा इंग्रजी करून ठेवतात, आणि आमचे पुढारी मराठीच्या रक्षणाची पत्रे इंग्रजीत धाडतात. मुंबईचे नेते सीमाप्रश्नावर गळा काढतात, पण बिनतारी शास्त्रावर मराठीतून पोरांना समजेल असे पुस्तक काढा म्हटले की त्यांचा घसा बसतो. आमच्याच मुलखात, नारायणगावजवळच्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या. पुढे त्यांची ग्राहकयंत्रे रुंद पट्ट्याची करण्यात आली आणि आता 50 ते 1500 मेगाहर्ट्झच्या टापूत त्या विश्वाच्या टोकाकडून येणारी अतिक्षीण कुजबुज टिपतात. निपाणीच्या वा खानापूरच्या शाळेतल्या पोराने ती जागा पाहावी, ते शास्त्र आपल्या भाषेत समजून घ्यावे, आणि उद्या त्या मनोऱ्यांचा अभियंता व्हावे. आपल्या गल्लीत मनोरा कोणता शब्द बोलतो, हे ज्याला मनोरा उघडून पाहता येतो त्याच्यापासून लपविता येत नाही.

कोट्यवधी मैलांवरून आलेली कुजबुज रुंद पट्ट्याने ऐकू येते. सीमाभागातील लाखो माणसांचा उघड आवाज ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या ग्राहकयंत्रात बिघाड नाही. पट्टा अरुंद आहे, आणि तो रुंद करून घेतल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही.