आमच्या पश्चात

निवृत्तीस चार महिने उरलेल्या एका मराठी सहकाऱ्याने रायपुरात मला विचारले, "साहेब, आमच्या पश्चात मुलीचे काय?" मुलगी सव्वीस वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली.

बालपणीच्या उपचारांची सोय येथे बरी आहे. अशा बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि नवा रायपूर येथील सत्य साई संजीवनी रुग्णालयात २०१२ पासून बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात.

खरी अडचण अठराव्या वर्षानंतरची. मूल सज्ञान झाले की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळते. तिच्यात जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. न्यासाच्याच 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या, उपजीविका कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, आणि त्याची पूर्वमंजुरी कर्मचाऱ्याच्या हयातीतच घेता येते. तीस वर्षे आस्थापना शाखेत काढलेल्या या गृहस्थांस ते ठाऊक नव्हते. (नियम मलाही काढून पाहावा लागला, हे कबूल करतो.)

योजना आरोग्य, समाजकल्याण व निवृत्तिवेतन अशा तीन दारी विखुरल्या आहेत आणि प्रत्येक दार स्वतःपुरतेच बोलते. दिव्यांगत्वाचा दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळानेच, दाखल्यासोबत, या सर्वांची माहिती देणारा एक कागद कुटुंबाच्या हाती ठेवावा. यास नवी तरतूद लागत नाही. छपाईचा खर्च तेवढा.

गेल्या सोमवारी सहकाऱ्याने पालकत्वाचा अर्ज दिला. पावती मागून घेतली.