घरगुती म्हणजे कुणाच्या घरचं?

पाटी वाचा. 'घरगुती चवीचा नाश्ता.' दादर, गिरगाव, पार्ले, डोंबिवली, पुण्याच्या पेठा, कुठंही जा. रविवारी सकाळी या पाटीखाली रांग. थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, उपीट, वरनं पियुष. माणूस तासभर ताटकळेल पण रांग सोडणार नाही. का? तर 'अगदी घरच्यासारखं मिळतं हो इथं.'

आता कुणी तरी विचारावं की नाही, कुणाच्या घरच्यासारखं?

आमच्या घरी सकाळी शिळी भाकर असायची. चहात बुडवून, नाही तर कुस्करून कांदा-तिखटावर परतून. कण्या असायच्या, आंबील असायची. कधी वजडी, कधी रक्ती. तेही घरातच शिजत होतं. घरातल्याच बाईनं धुरात डोळे लाल करून शिजवलेलं होतं. मग ते 'घरगुती' का नाही? मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटातलं हे सगळं शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात लिहून काढलं. २०२४ साली ते इंग्रजीत गेलं. तोवर मराठी पाककृतींच्या ढिगाऱ्यात आमच्या चुलीचा धूरसुद्धा कुणाला दिसला नव्हता. आणि त्याच २०१५ साली सरकारनं बैलाच्या मांसावर बंदी आणून आमच्यातल्या कितीतरी घरांच्या रविवारचा गुन्हा करून टाकला. म्हणजे एकीकडं घरचं लिहिलं गेलं आणि दुसरीकडं घरचं बेकायदा झालं.

हे म्हणतात परंपरा. अरे, कसली परंपरा? उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद अमेरिकेतला. आज तो तामिळनाडूत सेलमच्या कारखान्यांतनं पोत्यांनी येतो. बटाटा अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली. समुद्र ओलांडला की बाटतं असं सांगणाऱ्यांच्या देवघरात, ऐन एकादशीला, समुद्र ओलांडून आलेली ही मंडळी पाटावर जाऊन बसली. त्यांना कुणी जात विचारली नाही. गावकुसाला टेकून हजार वर्षं राहिलेल्यांची वजडी मात्र अजून उंबऱ्याबाहेर. तेव्हा चवीबिवीच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. प्रश्न जिभेचा नाही, हाताचा आहे.

घटनेच्या १५ व्या कलमानं दुकानं, उपाहारगृहं सगळ्यांना खुली केली. १९५५ च्या कायद्यानं अडवणाऱ्याला शिक्षा ठेवली. चांगलं झालं. हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेला कानतुटका कप, वरनं ओतलेला चहा, हे ज्यांनी भोगलं त्यांना विचारा त्याची किंमत. पण हा दरवाजा गिऱ्हाइकाच्या बाजूनं उघडला. पैसे मोजा, बसा, खा, उठा. आमचे पैसे बाटत नाहीत, कधीच बाटत नव्हते. आम्ही खाणारे म्हणून आत आलो. वाढणारे म्हणून कुठं आलो?

हे शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात शाहू महाराजांना कळलं होतं. गंगाराम कांबळे पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामाला चहाचं हॉटेल काढायला लावलं. 'सत्यसुधारक हॉटेल'. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. मग राजा स्वतः तिथं गाडी थांबवायचा, चहा मागवायचा, प्यायचा, आणि गाडीतल्या बड्या लोकांनाही पाजायचा. राजाच पितो म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं उघडली. नीट बघा. महाराजांनी गंगारामाला आपल्या पंगतीला नुसतं बसवलं नाही. त्याच्या हातचं घेतलं. पंगतीला बसवणं सोपं असतं, तो उपकार असतो. हातचं घेणं म्हणजे जात मोडणं.

गिरणीत काय होतं? विणकामाच्या खात्यात पगार जास्त, आणि तिथं आमच्या माणसाला जागा नव्हती. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमची थुंकी लागलेल्या धाग्याला बाकीचे तोंड कसं लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. लाल बावट्याखालच्या मजुरांची ही गोष्ट, भटांची नव्हे.

जुनं झालं म्हणता? घ्या नवं. २०१७ साली पुण्यात सरकारी खात्यातल्या एका उच्चशिक्षित अधिकारी बाईंनी पोलिसात फिर्याद दिली. कशाची? तर स्वयंपाकाच्या बाईनं जात लपवून आमच्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक केला. फिर्याद मागे घेतली गेली. पण आधी नोंदवली गेली, हे विसरू नका. आणि ती स्वयंपाकीण आमच्यातली नव्हतीही, मराठा होती. तिची ही गत, मग आमची काय सांगायची? २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत भोजनमाता दलित आली म्हणून वरच्या जातींच्या पोरांनी जेवण सोडलं. पोरांनी! ही अक्कल पोरांना कुठल्या इयत्तेत शिकवतात? घरात. हेच ते 'घरगुती'.

म्हणून पाट्यांवरची आडनावं वाचत चला. आडनाव ही हमी असते. अमुक आडनाव म्हणजे स्वच्छ, शुद्ध, निवडलेलं, टिपलेलं. आमचं आडनाव पाटीवर नाही. ते मागं मोरीत आहे, भांड्यांच्या ढिगापाशी. पहाटे कांद्याचं पोतं चिरणारी, राखुंडा गेला तरी हात तसेच असलेली बाई कुणाची, एकदा मागच्या दारानं जाऊन बघा.

आमच्या वस्तीत एक मावशी आहे. पोळी-भाजीचे डबे देते, सकाळी कांदेपोहे, घावन. हाताला चव अशी की बोटं चाटावीत. डब्यावर तिनं देवीचं नाव छापलंय. म्हटलं, "मावशी, तुझं नाव का नाही?" तर म्हणते, "बाबा, कांबळे म्हनलं की डबा बंद. पोरीची फी कोन भरल?" तिला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये. फी खरी आहे.

पण आपले शिकलेले, बँकेतले, मंत्रालयातले, प्राध्यापक, ते काय करतात? रविवारी त्याच रांगेत उभे. पोरांना सांगतात, बघ, अस्सल मराठी जेवण. पोरगं विचारतं, मग आजी करते ते काय? बाप मेन्यूकार्डात तोंड खुपसतो. आणि मावशीचा डबा लावायचा म्हटलं तर हेच विचारतात, बाई कोण? आपल्यातली की मांगाची? मेहतराच्या हातचं चालेल का, विचारा त्यांना. निळा झेंडा लावलेल्या घरातनंही काय उत्तर येतं ते ऐका आणि मग दुसऱ्याच्या सोवळ्यावर बोला.

येत्या १४ एप्रिलला मंडळं लाखाची वर्गणी काढतील, मांडव घालतील, डीजे लावतील. त्यातले वीस हजार बाजूला काढा. मावशीला कोपऱ्यावर एक गाळा, दोन शेगड्या, चार बाकडी. पाटीवर तिचं पुरतं नाव, आडनावासकट, ठळक अक्षरात. सकाळी घावन, पोहे. रविवारी वजडी. पहिला महिना गिऱ्हाईक येणार नाही. तेव्हा मंडळाच्या प्रत्येक सभासदानं रोज सकाळी तिथं बसून खायचं, पैसे मोजून, रस्त्यावरनं दिसेल असं.