द्विवचनांतील पाहुणे

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं सहकुटुंब राहतो. गेल्या मासीं सूनबाईनें कळविलें, "काका, आपल्या घरीं दोन फेरेट आणिले आहेत."

फेरेट म्हणजे काय, असें वाचक विचारतील. दिसावयास तो मुंगसासारखा, परंतु मुंगसाचा सगोत्र नव्हे. त्याचें कूळ पाणमांजराचें. युरोपांतील पोलकॅट नामक रानटी प्राण्यास सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच माणसाळवून लोकांनीं सशांच्या शिकारीस लाविलें. बिळांच्या तोंडाशीं जाळीं पसरून आंत फेरेट सोडला, कीं ससे बाहेर पळतात व जाळ्यांत सांपडतात. 'छोटा चोर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव पडलें. आणि हातीं लागेल ती वस्तु लपविण्याची त्याची खोड पाहतां तें अन्वर्थक आहे. मनुष्यजातीवर त्याचे उपकारहि आहेत. १९३३ सालीं लंडनांत स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या शास्त्रज्ञांनीं फेरेटांच्याच साहाय्यानें मनुष्याच्या इन्फ्ल्यूएंझाचा विषाणु शोधून काढिला. आपला हा रोग त्यांस जडतो. म्हणून घरांत कोणास ताप-पडसें आलें, तर सूनबाई त्यास त्या दोघांजवळ फिरकूं देत नाहीं.

वास्तविक या मंडळींस एकच फेरेट हवा होता. निराश्रित प्राण्यांच्या आश्रयगृहांतील एक तरुण मादी मुलांच्या मनांत भरली. तेथील चालक म्हणाले, "हिच्याबरोबर हा म्हाताराहि न्यावा लागेल." नर सहा वर्षांचा, आणि फेरेटाचें आयुष्य बहुधा सहा ते आठ वर्षांचें. म्हणजे औषधपाण्याचा खर्च आणि थोड्याच दिवसांत मुलांच्या डोळ्यांस पाणी. निराळीं केलीं तर काय होईल, असें विचारतां उत्तर मिळालें, कीं मागें औषधोपचारासाठीं नरास दोन दिवस दूर ठेविलें, तों मादी अन्नास तोंड लावीना. दिवसांतील चौदा-सोळा तास हीं दोघें एकाच झोळींत एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोंपतात. अखेर दोघेंहि घरीं आलीं. फेरेट निव्वळ मांसाशी. वरणभातावर तो जगत नाहीं. आमची सूनबाई कट्टर शाकाहारी, तरी तिनें त्यांचीं भांडीं वेगळीं केलीं आणि दोघांचें पान नित्यनेमानें वाढीत आहे.

हें ऐकून आम्हांस आमचा जुना फळा आठवला. व्याकरणाची गंमत अशी, कीं ज्यांचें वैर शाश्वत, त्यांचा द्वंद्व समास एकवचनीं होतो: अहिनकुलम्. स्नेहानें बांधलेलीं मात्र द्विवचनांत राहतात: मातापितरौ. मराठींत द्विवचन नाहीं, आणि कधीं कधीं तें आमच्या मनांतूनहि जातें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरीं वाटणी झाली. भावाभावांनीं आम्हांस मध्यस्थ नेमिलें. घर, शेत, भांडींकुंडीं यांचा निकाल लागला. राहिलीं वृद्ध आईबापें. थोरल्याकडे मुलें लहान, म्हणून आई मुंबईस. वडील धाकट्याकडे नाशकास. ही तोड आम्हींच सुचविली, आणि कोणावरहि अधिक भार पडला नाहीं, म्हणून समाधानानें घरीं परतलों. त्या दोघांस कोणीं विचारिलें नाहीं, आम्हींहि नाहीं. चवथ्या वर्षीं वडील वारले. आई नाशकास पोहोंचली, तेव्हां मंडळी स्मशानांतून परतत होती. पुढें कितीएक दिवस ती माउली दाराकडे पाहत बसे, असें ऐकिलें.

आश्रयगृहाच्या चालकांनीं सूनबाईस शेवटीं एक गोष्ट बजावली: नर गेला, कीं त्याचा देह मादीस पाहूं व हुंगूं द्यावा, एरव्हीं ती त्यास घरभर शोधीत राहते.

वाचकांनीं फेरेट पाळावे, असें आमचें म्हणणें नाहीं. थंड हवेंतला हा प्राणी. तीस अंशांची उष्णताहि त्याच्या जिवावर बेतते, मग आपल्या वैशाखांत त्याचे हालच. परंतु कोणाच्या घरीं वाटणीचा कागद लिहिला जात असेल, तर सही करण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांस एकत्र बसवून, त्यांना काय हवें, तें त्यांनाच विचारावें. आम्हीं विचारलें नव्हतें.