कमळाचे भाऊबंद तळ्यात नाहीत!



वर्गातल्या तक्त्यावरचं 'कमळ' एकदा नीट बघा. माझ्या तक्त्यातल्या पानाला खाच होती. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, कमळाचं पान अख्खं गोल असतं, खाच नसते." तिचं बरोबर होतं. चित्र कुमुदाचं, म्हणजे वॉटर लिलीचं होतं. मी म्हणालो, "असू दे गं, दोन्ही एकाच कुळातली." खरी चूक माझी इथे झाली.

मी तसंच शिकलो होतो. बेंथम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ मधल्या वर्गीकरणात कमळ आणि कुमुद एकाच कुळात आहेत. दोघांचं पाणी तेच, फुलंही तशीच. कमळाच्या परागकणावर तीन खाचा आणि कुमुदाच्या परागकणावर एक, ही शंकेची जागा होती. पण निकाल लावला तो डीएनएने.

तो कसा? आपण वह्या तपासतो तेव्हा बरोबर उत्तरं सारखी असली तर काही कळत नाही. पण दोन वह्यांत एकच विचित्र चूक सापडली, की मूळ वही एकच हे लगेच कळतं ना? डीएनएची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होताना असेच बदल होतात आणि पुढे वारशाने जातात. हरितलवकातलं 'आरबीसीएल' हे जनुक घेऊन १९९३ मध्ये मार्क चेस आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०० वनस्पती ताडून पाहिल्या. कमळाचे जवळचे नातेवाईक कोण निघाले? काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक! कुमुदाची शाखा तर सपुष्प वनस्पतींत अगदी सुरुवातीलाच वेगळी झालेली. आणि कासच्या तळ्यातली कुमुदिनी? ती सूर्यफुलाच्या गणातली.

प्राथमिकच्या मुलांना जनुकं शिकवा असं माझं म्हणणं नाही. पण 'सारखं दिसतं म्हणून एकाच कुळातलं' हे वाक्य आपण सोडायला हवं. आणि नीट निरीक्षण करणाऱ्या मुलाला "असू दे" म्हणणं तर आधी सोडायला हवं, मी ते केलंय म्हणून सांगतो.

तक्ता अजून भिंतीवरच आहे. 'कमळ' खोडून 'कुमुद' त्या मुलीनेच लिहिलं. लगेच विचारलंन, "मग सर, सिल्व्हर ओक पाण्यात का नाही उगवत?" दोघांच्या वाटा दहा कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, एवढं सांगितलं. तिचं समाधान काही झालेलं दिसलं नाही.